शिकागोचा शरदारंभ आणि आपले ऋतुचर्येचे पत्रक

भाद्रपद सरत आला की आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत व औषधालयांत शरद ऋतुचर्येची छापील पत्रके तयार होतात. पित्तप्रकोपाचा काळ, म्हणून तिक्तघृत, मृदू विरेचन, मूग, पडवळ, आवळा, खडीसाखर. दही, तेल, क्षार व ऊन वर्ज्य. रात्री चांदण्यात बसावे. आम्हीही गेली अनेक वर्षे असे पत्रक रुग्णांच्या हाती देत आलो. त्यातील एकही शब्द अशास्त्रीय नाही. आश्विनातील उन्हाने पोळणाऱ्या पुणे, सातारा, सोलापूरकडील रुग्णांस त्याचा उपशयही उत्तम दिसतो. तथापि हेच पत्रक रुग्णाच्या पिशवीतून सातासमुद्रापलीकडे गेले म्हणजे काय घडते, याचा एक अनुभव आम्हांस काही वर्षांपूर्वी आला. त्यात चूक आमची होती. ती वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधविक्रेत्यांपुढे मोकळेपणाने मांडावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

अम्लपित्ताचे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या जवळ. ऑगस्टअखेरीस ते सपत्नीक मुलाकडे शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात गेले. जाताना आमचे पत्रक आणि अविपत्तिकर चूर्णाच्या दोन बरण्या घेऊन गेले. गुरुजींची शिस्त अशी की पत्रकातील एकही सूचना त्यांनी चुकवली नाही. सप्टेंबर सुखात गेला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाचा दूरध्वनी आला. वडिलांना झोप नाही, मलप्रवृत्ती रूक्ष व कष्टाने होते, गुडघे धरले आहेत, टाचांना भेगा पडल्या आहेत, मन उदास आहे. ऊन टाळण्यासाठी ते दिवसभर घरात बसून असतात आणि कोजागरीला मात्र तासभर गच्चीत बसले होते. आम्ही औषध बदलण्याच्या विचारात होतो, तेवढ्यात सहज विचारले, "आज तिकडे हवा कशी आहे?" उत्तर आले, "पहाटे गवतावर बर्फाचा पांढरा थर होता. घरातले हीटिंग आठवड्यापूर्वीच सुरू केले आहे."

पत्रक शरदाचे होते आणि दारात हेमंत येऊन उभा होता. हा प्रश्न आम्ही औषध देण्यापूर्वीच विचारावयास हवा होता.

मास, राशी आणि स्वरूप

या प्रसंगानंतर आम्ही पुन्हा ग्रंथ उघडले. अष्टांगसंग्रहाच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येच्या अध्यायात वृद्धवाग्भटाने ऋतू ओळखण्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : मास, राशी आणि स्वरूप. या तिघांत पुढचे लक्षण मागच्यापेक्षा बलवान मानावे आणि त्यानुसार चर्या ठेवावी, असा त्याचा स्पष्ट निर्देश आहे. पंचांगात आश्विन आहे एवढ्याने शरद सिद्ध होत नाही. सूर्य कोणत्या राशीत आहे हे त्याहून महत्त्वाचे, आणि प्रत्यक्ष शीत, उष्ण, वर्षा, वारा, वनस्पती व आकाश यांवरून दिसणारे ऋतूचे रूप सर्वांहून महत्त्वाचे. हे वचन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. पत्रक छापताना मात्र ते आठवत नाही.

देशभेदाने ऋतुक्रम बदलतो हेही आपल्या परंपरेस नवीन नाही. गंगेच्या दक्षिणेस पावसाचे आधिक्य म्हणून प्रावृट् व वर्षा असे दोन ऋतू मानावेत आणि उत्तरेस हिमाचे आधिक्य म्हणून हेमंत व शिशिर वेगळे मानावेत, असे कश्यपाचे म्हणून मानले गेलेले मत टीकाकारांनी नोंदविले आहे. एका नदीच्या दोन तीरांसाठी आचार्यांनी ऋतूंची मांडणी बदलली असेल, तर १८ अंश अक्षांशावरच्या पुण्याचे पत्रक सुमारे ४२ अंशांवरच्या शिकागोस जसेच्या तसे लावणे हे आचार्यांस मान्य झाले नसते.

मौज अशी की अमेरिकेतही शरदारंभ तीन प्रकारे मोजला जातो. हवामानशास्त्रज्ञ तो १ सप्टेंबरपासून धरतात. कालदर्शिकेत तो २२ किंवा २३ सप्टेंबरच्या शरदसंपातापासून लिहिलेला असतो. सामान्य नागरिक सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे तेथील श्रमिक दिनाची सुट्टी, उलटली की उन्हाळा संपला असे समजतो. शिकागोच्या सरोवरकाठच्या स्नानाच्या चौपाट्याही त्याच सुमारास बंद होतात. माळी आणि शेतकरी यांचे लक्ष मात्र पहिल्या हिमपाताच्या रात्रीकडे असते. त्यांची पद्धत स्वरूपाची आहे, आणि वैद्याने त्यांच्या बाजूस राहावे.

शिकागोचा देशविचार

शिकागो हे नाव भारतात घरोघरी पोचले ते ११ सप्टेंबर १८९३ रोजी सुरू झालेल्या सर्वधर्मपरिषदेतील स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे. आज त्या परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०११ चे अधिवेशन तेथे भरले होते. शहराच्या उत्तर भागातील डेव्हन रस्त्यावर १९७४ मध्ये पटेल बंधूंचे पहिले दुकान निघाले आणि आता मूग, तूप, आवळा, सुंठ या वस्तू तेथील रुग्णास दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. म्हणजे पथ्य पाळण्याची साधने तेथे आहेत. पथ्य कोणते हे नेमके सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

शहर मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर वसलेले आहे. मूळची भूमी दलदलीची होती, म्हणजे आनूप. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत एका रानलसणीस जो शब्द होता, त्यावरूनच शहराचे नाव पडले. सरोवरापासून दूर पश्चिमेस गेले की सपाट, मोकळा गवताळ प्रदेश लागतो आणि वाऱ्यास अडथळा राहत नाही. सरोवराचे पाणी उन्हाळ्यात तापते व सावकाश निवते. त्यामुळे शरदात काठावरच्या रात्री उपनगरांपेक्षा उबदार असतात आणि पहिले हिमही तेथे उशिरा पडते. एकाच शहरात काठावरचा रुग्ण आणि पन्नास किलोमीटर आत राहणारा रुग्ण यांचा ऋतू काही आठवडे वेगळा असू शकतो. आमचे गुरुजी आतल्या बाजूस राहत होते.

सप्टेंबरमध्ये तेथे दुपारचे सरासरी कमाल तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, ऑक्टोबरमध्ये ते १७ अंशांवर येते. दिवसही झपाट्याने आखडतो. १ सप्टेंबरला सुमारे १३ तासांचा असलेला दिवस ३१ ऑक्टोबरला साडेदहा तासांच्या आत येतो. संपाताच्या सुमारास शिकागोत रोज जवळजवळ पावणेतीन मिनिटे प्रकाश कमी होतो. पुण्यात याच वेळी ही घट सुमारे एक मिनिटाची असते. आपल्या रुग्णाचे शरीर या वेगाची सवय घेऊन तेथे गेलेले नसते.

तीन ऑक्टोबर

स्वरूप हे मासाहून बलवान का, हे शिकागोच्या इतिहासातील तीन दिवसांवरून लक्षात येते. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री त्या शहरास प्रचंड आग लागली. त्यापूर्वी कित्येक आठवडे पाऊस नव्हता, लाकडी घरे व लाकडी पदपथ वाळून कोळ झाले होते आणि नैर्ऋत्येचा जोराचा वारा सुटला होता. सुमारे ३०० माणसे दगावली व एक लाख बेघर झाली. रूक्षता आणि वायू एकत्र आले असता अग्नी कसा पसरतो, याचे याहून भीषण उदाहरण सापडणे कठीण.

७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी पारा ३१ अंशांवर गेला, हवा दमट होती आणि उष्माघाताचे रुग्ण इतके वाढले की स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. तोच मास, तोच सप्ताह. पण रूप ग्रीष्माचे. याउलट ८ ऑक्टोबर २०२३ च्या थंड सकाळी त्याच स्पर्धेत केनियाच्या केल्विन किप्टुमने २ तास ३५ सेकंदांत अंतर पार करून पुरुषांचा विश्वविक्रम केला. तीन वर्षे, एकाच आठवड्यातील तीन दिवस. एक रूक्ष, एक उष्ण, एक शीत. अशा ठिकाणी ऑक्टोबरचे एकच पत्रक कोणी कसे छापावे?

म्हणून शिकागोच्या शरदारंभाचे आम्ही तीन टप्पे करतो. तारखा केवळ दिशादर्शक समजाव्यात; निर्णय लक्षणांवरून करावा.

पहिला टप्पा : उन्हाळ्याची शेपटी

श्रमिक दिनापासून संपातापर्यंत दिवस उबदार, कधी दमट आणि रात्री सुखद असतात. आपल्या ग्रंथोक्त शरदचर्येशी हा काळ सर्वांत जुळतो. मूग, जुना तांदूळ, दूध, तूप, आवळा, पडवळ व दुधी असा आहार येथे हितकर. गुरुजींचा सप्टेंबर सुखात गेला तो यामुळेच.

या दिवसांत शहराचा खरा आनंद सरोवराच्या काठी आहे. लेकफ्रंट ट्रेल ही सुमारे २९ किलोमीटर लांबीची वाट शहराच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत पाण्याच्या कडेने जाते. पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी तेथे वेगळे मार्ग केलेले आहेत. शरदात बल मध्यम असते. तेव्हा अर्धशक्ती व्यायामाचा नियम पाळून, कपाळावर घाम येऊ लागेपर्यंत सकाळी वा सायंकाळी चालावे. वृद्धांनी वाऱ्याकडे तोंड करून निघावे व वारा पाठीशी घेऊन परतावे, म्हणजे घामेजल्या अंगावर परतीला थंड झोत येत नाही.

या टप्प्यातील मोठी अडचण नाकाची आहे. रॅगवीड नावाचे तण ऑगस्टच्या मध्यापासून फुलते, सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्याचे पराग सर्वाधिक असतात आणि पहिले कडक हिम पडले म्हणजेच ते थांबतात. शिंका, नासास्राव, डोळ्यांची खाज व श्वासकष्ट यांचे रुग्ण या काळात वाढतात. येथे महाराष्ट्रातील वैद्याने विशेष सावध असावे. विसाव्या शतकाच्या मध्यास पुणे परिसरात प्रथम दिसलेले आणि नंतर देशभर पसरलेले आपले गाजरगवत हे रॅगवीडच्याच कुळातील असून दोहोंच्या परागांत परस्पर-संवेदनशीलता दिसून आलेली आहे. ज्या रुग्णास येथे गाजरगवताचा त्रास होता, त्यास शिकागोचा पहिलाच सप्टेंबर जड जाऊ शकतो. निघण्यापूर्वीच हा इतिहास विचारून ठेवावा.

दुसरी गोष्ट आहाराची. रॅगवीडची संवेदनशीलता असलेल्या काही रुग्णांस खरबूज, कलिंगड, काकडी व केळी खाल्ल्यावर ओठ, जीभ व घसा यांना खाज सुटते. आपल्या पत्रकात पित्तशामक म्हणून काकडी बहुधा असतेच. अशा रुग्णास ती वर्ज्य सांगावी. भृंगराज, गोरखमुंडी, अक्कलकारा ही द्रव्येही याच कुळातील असल्याने नव्याने सुरू करताना जपून द्यावीत. पराग अधिक असलेल्या दिवशी सकाळच्या वेळी खिडक्या बंद ठेवणे, बाहेरून आल्यावर स्नान करून कपडे बदलणे आणि कोमट, उकळून निवविलेल्या पाण्याने नासाप्रक्षालन करणे उपयुक्त ठरते. नासाप्रक्षालनास नळाचे कच्चे पाणी कदापि वापरू नये. श्वास लागणाऱ्या रुग्णाचा तेथील डॉक्टरांनी दिलेला श्वसनपंप आपण बंद करावयास सांगू नये.

दुसरा टप्पा : रंगांचा ऋतुसंधी

संपातापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत रमणीय आणि वैद्यकदृष्ट्या सर्वांत चंचल. आकाश निरभ्र, ऊन कोवळे, हवा कोरडी. दिवस आखडला की वृक्ष पानांतील हरितद्रव्याचे पोषण थांबवितात. आत दडलेला पिवळा रंग प्रकट होतो, आणि दिवसा ऊन व रात्री गारवा मिळाला तर मेपलसारख्या वृक्षांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेस ही शोभा सप्टेंबरअखेरीस सुरू होते, शिकागोत ती ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे भरास येते. लाइल येथील १९२२ मध्ये स्थापन झालेले मॉर्टन वृक्षोद्यान व ग्लेनको येथील वनस्पती उद्यान ही ती पाहण्याची उत्तम ठिकाणे. सहलीस आलेल्या आईवडिलांना तेथे अवश्य न्यावे. औषधाच्या पुडीत न मिळणारा मनःप्रसाद तेथे मिळतो.

या दिवसांत शहरातील कुटुंबे सफरचंदांच्या बागांत जातात आणि आपल्या हाताने फळे तोडून पिशवी भरतात. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये प्रसृत केलेली हनीक्रिस्प ही जात विशेष लोकप्रिय आहे. भावप्रकाशात सेव हे फळ वातपित्तघ्न, बृंहण, मधुर, परंतु गुरू, शीत व कफकर सांगितले आहे. तेव्हा दुपारच्या उन्हात बागेत खाल्लेले सफरचंद सुखाचे; तेच फळ रात्री शीतकपाटातून काढून वृद्धास देणे दुःखाचे. सायंकाळी ते तुपावर परतून दालचिनी व लवंग घालून द्यावे. बागेत ताज्या सफरचंदांचा रस विकतात; मुले, वृद्ध व गर्भिणी यांनी तो पाश्चरीकृत असल्याची खात्री करूनच प्यावा.

भोपळ्याविषयी औषधविक्रेत्यांसाठी एक सूचना. इलिनॉय राज्य भोपळ्याच्या उत्पादनात अमेरिकेत अग्रेसर आहे आणि ऑक्टोबरात घरोघरी दारात भोपळे मांडलेले असतात. हा आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर. मूळचा अमेरिकेचाच, म्हणून संहितांत त्याचा उल्लेख असणे शक्य नाही. ग्रंथोक्त कूष्मांड म्हणजे कोहळा, ही वेगळी वनस्पती. कूष्मांडावलेहाच्या बाटलीवर इंग्रजी भाषांतर वाचून तिकडील ग्राहक घरच्या भोपळ्याचा अवलेह करू लागतो, असे आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे. घारगे करावेत, खुशाल करावेत. पण त्यास कूष्मांड म्हणू नये.

या भोपळ्याच्या पदार्थांत तेथील लोक दालचिनी, जायफळ, सुंठ आणि लवंग घालतात. त्यांनी चरक वाचलेला नाही. तरी हवा गार व कोरडी होऊ लागताच त्यांच्या स्वयंपाकघराने दीपन व उष्ण द्रव्ये आपोआप पुढे आणली. देशसात्म्य म्हणतात ते हेच. परक्या देशी गेलेल्या रुग्णास आपण तेथील शहाणपणाकडेही पाहावयास शिकवावे.

या टप्प्याचा मुख्य दोष म्हणजे उताराचढाव. आज २६ अंश, तर वायव्येचा वारा सुटताच उद्या १२ अंश, असे सहज होते. वाग्भटाने ऋतुसंधीसाठी मागील ऋतूचे शेवटचे व पुढील ऋतूचे पहिले सात दिवस सांगून जुनी चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, असे सांगितले. शिकागोत हा संधी चौदा दिवसांत आटोपत नाही, तीन-चार आठवडे लांबतो. म्हणून विरेचनद्रव्ये या काळात आवरती घ्यावीत. अंगावर एकच जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत, म्हणजे दुपारी काढता व सायंकाळी चढविता येतात. कान झाकावेत. पाणी कोमट प्यावे.

तिसरा टप्पा : हिमाची पहिली रात्र

गवतावर हिम दिसले, घरातील हीटिंग सुरू झाले, की शरदाचे पत्रक बाजूस ठेवावे. बाहेरची हवा शीत, आतली तापविलेली व अतिशय कोरडी. दोन्हीकडे रूक्षता आहे. चरकाने हेमंतात अग्नी बलवान होतो व त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो धातूंवर चालून जातो, मग वायू कुपित होतो, असे सांगितले आहे. आमच्या गुरुजींचे नेमके हेच झाले. वृद्धत्व हे वाताचे वय. प्रवास आणि साडेदहा तासांच्या वेळेच्या फरकामुळे वात आधीच क्षुब्ध. त्यावर निशोत्तरयुक्त चूर्ण, लघु आहार व तेलाची मनाई. वाताने आणखी कोणते निमित्त मागावे?

ऊन टाळण्याचा नियमही येथे उलटा पडतो. आपल्याकडे आश्विनातील ऊन पित्तकर खरे. परंतु शिकागोच्या अक्षांशावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्यकिरणांपासून त्वचेत जीवनसत्त्व ड जवळजवळ तयारच होत नाही, आणि सावळ्या त्वचेस ते एरवीही अधिक वेळ मागते. म्हणजे ऑक्टोबरचे कोवळे ऊन ही हिवाळ्यापूर्वीची शिदोरी आहे. दिवस आखडल्याने काहींना येणारे ऋतुजन्य औदासीन्य १९८४ मध्ये आधुनिक वैद्यकात प्रथम व्यवस्थित वर्णिले गेले. सकाळी उठल्यावर बाहेरच्या प्रकाशात अर्धा तास चालणे, हा त्यावर साधा उपाय आहे. औदासीन्य दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वा जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र काढ्यावर थांबू नये. तेथील तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

या टप्प्यात तिळाच्या कोमट तेलाचा अभ्यंग, तूप घातलेली मऊ खिचडी, गरम सूप, भिजविलेल्या मनुका, रात्री सुंठ व जायफळ घातलेले दूध असा क्रम ठेवावा. घरात बसून असणाऱ्या वृद्धाचा अग्नी ग्रंथात सांगितल्याइतका प्रबळ असेलच असे नाही. तेव्हा स्निग्ध आहार भूक पाहून वाढवावा. अभ्यंगाविषयी दोन सूचना पत्रकात ठळक छापाव्यात. एक, तेथील स्नानाच्या टबात तेलकट पायाने घसरून वृद्धांची हाडे मोडतात. अभ्यंगानंतर पाय पुसून, रबरी पायपुसण्यावरच उभे राहावे. दोन, तेल मुरलेले पंचे ड्रायरमध्ये वाळवून तसेच गरम गोळा करून ठेवू नयेत. तेल आपोआप तापून त्यांना आग लागू शकते. ते वेगळे धुऊन मोकळ्या हवेत वाळवावेत.

कोजागरीचे काय, असे विचारले जाईल. शरदात प्रदोषकाळी चांदणे सेवन करावे, हे खरे; पण त्याच अध्यायात तुषार, म्हणजे दव व हिम, वर्ज्य सांगितले आहे. शिकागोची ऑक्टोबरातील रात्र अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते. तेव्हा चंद्र काचेच्या खिडकीतून पाहावा, आटीव दूध गरमच प्यावे, मित्रमंडळी जमवावी. उत्सवाचा आनंद उणा होत नाही आणि शास्त्रही मोडत नाही.

औषधालयांसाठी

रुग्णासोबत औषध देणे वा मागाहून पाठविणे, यात आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा गुंतलेली आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांच्या तपासणीतही हे प्रमाण एकपंचमांशाच्या आसपासच निघाले. शोधनमारणाचा आपला युक्तिवाद कितीही असो, रक्तात शिसे आढळलेल्या रुग्णास तो दिलासा देत नाही. परदेशी जाणाऱ्या रुग्णास रसकल्प व भस्मे देऊ नयेत. वनस्पतिज औषधही मूळ वेष्टनात, घटकद्रव्ये, बॅच क्रमांक व तपासणीचा दाखला असलेलेच द्यावे. कागदाच्या निनावी पुड्या देण्याची आपली सवय येथे सोडावी.

तेथे आयुर्वेदीय उत्पादने १९९४ च्या कायद्यान्वये आहारपूरक म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे, आणि आयुर्वेद-चिकित्सेचा स्वतंत्र परवाना देण्याची व्यवस्था तेथील राज्यांत नाही. म्हणून रुग्ण जे घेतो ते त्याने तेथील डॉक्टरांस सांगितलेच पाहिजे. खोकल्यावर सहज दिली जाणारी यष्टिमधु अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढवू शकते व पोटॅशियम घटवू शकते. रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या घेणाऱ्यांस ती जपून द्यावी. अश्वगंधा थायरॉइडच्या औषधांसह देताना तीच काळजी. इन्फ्लुएन्झाची लस तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात देतात. वृद्ध रुग्णाने विचारल्यास आपण त्यास परावृत्त करू नये.

दूरध्वनीवर सल्ला देण्यापूर्वी आम्ही आता सात गोष्टी विचारतो : आजचे कमाल व किमान तापमान, वारा, हिम पडले की नाही, हीटिंग सुरू आहे की नाही, झोप, मलप्रवृत्ती आणि चालू असलेली सर्व औषधे. पहिले चार प्रश्न ऋतूचे, उरलेले रुग्णाचे. दोन मिनिटे लागतात.

गुरुजींचे चूर्ण आम्ही त्याच दिवशी थांबविले. अभ्यंग, सस्नेह आहार आणि सकाळच्या उन्हातील फेरी यांनी पंधरवड्यात झोप सुधारली व कोष्ठ मऊ झाला. गुडघ्यांस महिनाभर लागला. परतल्यावर ते भेटावयास आले, तेव्हा वहीत दाबून आणलेले मेपलचे एक लाल पान त्यांनी आमच्या मेजावर ठेवले. ते म्हणाले, "हे पाहायला मी शेवटच्या आठवड्यात बाहेर पडलो. आधी पडलो असतो, पण पत्रकात ऊन वर्ज्य होते."

ते पान आता आमच्या दवाखान्यात काचेखाली आहे. शेजारी नवे पत्रक आहे. त्यावर वरच्या ओळीत ऋतूचे नाव छापलेले नाही. ती जागा रिकामी ठेवली असून रुग्ण जेथे राहणार तेथील हवा विचारल्यावरच ती भरली जाते. आपल्या औषधालयांतील पत्रकांतही एवढी एक रिकामी ओळ यावी, इतकीच आमची विनंती आहे. इत्यलम्.